सगळे मोठंच इंजिन का घेतात?

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी आणि माझा भाऊ अंतराळयानांचा एक पटावरचा खेळ तयार करतोय. इंजिन निवडायचं, इंधन भरायचं आणि ग्रहांवरच्या खाणी ताब्यात घ्यायच्या. इंजिनं तीन ठेवली, पण जो तो सर्वांत मोठंच उचलतो. म्हणून मोठ्याला दर चालीला दुप्पट इंधन लावलं, तर आता त्याला कुणी हातच लावत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : तू मोठ्या इंजिनाला दंड लावलास, वजन लावलं नाहीस. वाडीला आमच्या बाबांचं ट्रकचं गॅरेज होतं. कुणी ॲव्हरेज विचारलं की बाबा आधी विचारायचे, "भरून किती नेतोस?" तुझ्या खेळात हाच प्रश्न राहून गेलाय.

यानाला स्वतःचं इंधनही वाहून न्यावं लागतं. त्याचं गणित रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ साली मांडलं. त्यात लॉगॅरिदम येतो, पण खेळणाऱ्याला तो दाखवायची गरज नाही. मागच्या रविवारी भाचीला घेऊन जेवणाच्या टेबलावर चिंचोके मांडून बघितलं. नियम एकच : भरलेलं यान रिकाम्याच्या दुप्पट वजनाचं असेल तर वेगाचा एक टप्पा, चौपट असेल तर दोन, आठपट असेल तर तीन. रिकामं यान १० चिंचोक्यांचं धर. एका टप्प्याला १० चिंचोके इंधन लागतं, दोनला ३०, तीनला ७०. तिसऱ्या टप्प्याचा ढीग ताटलीत मावेना, तेव्हा भाची आपणहून म्हणाली, "मावशी, मी दोनवरच थांबते." आता त्याच यानाला १० चिंचोक्यांचं जास्तीचं इंजिन लाव. रिकामं वजन २० झालं, म्हणजे पहिल्याच टप्प्याला २० आणि दुसऱ्याला ६०. वेगळा दंड लावायची गरजच उरत नाही.

मग मोठं इंजिन कुणी का घ्यावं? ते वेळ वाचवतं आणि जमिनीवरून उठू शकतं, म्हणून. आपलं मंगळयान उड्डाणाच्या वेळी १३३७ किलोचं होतं, त्यात ८५२ किलो इंधन. त्याचं मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं, पृथ्वीवर जेमतेम ४५ किलो पेलेल एवढं. म्हणून ५ नोव्हेंबर २०१३ ला रॉकेटवरून उडाल्यावर कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवत नेली आणि डिसेंबर उजाडता उजाडता यान मंगळाच्या वाटेला लागलं. नासाच्या डॉन यानाचं आयन इंजिन, म्हणजे विजेच्या जोरावर भारित कण मागे फेकणारं इंजिन, तर हातावर ठेवलेल्या कागदाच्या भाराइतकाच रेटा द्यायचं. शून्यापासून ताशी ९६ किलोमीटर गाठायला चार दिवस! तरी तेच यान २०११ मध्ये वेस्टा या लघुग्रहाभोवती आणि २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाभोवती कक्षेत गेलं. इंधनाला हे इंजिन फारच काटकसरी, पण ग्रहावरून ते यानाला तसूभरही उचलू शकणार नाही. हा फरक तुझ्या पटावर दिसलाच पाहिजे. ग्रहावरच्या खाणीसाठी मोठं इंजिन सक्तीचं कर, लघुग्रहांसाठी छोटंही चालू दे.

वेळेलाही किंमत हवी. काटोलची संत्री कळमन्याच्या बाजारात लिलाव संपल्यावर पोचली तर ट्रकने डिझेल किती वाचवलं हे कोण विचारतो? खाणीचा वाटा दर फेरीला एकेक गुणाने कमी होऊ दे. पहिल्या येणाऱ्याला ६, उशिरा येणाऱ्याला २. एखादी खाण मात्र शेवटपर्यंत ५ गुणांचीच ठेव, म्हणजे सावकाश जाणाऱ्यालाही जिंकायची वाट राहील.

आणखी एक. तुझ्या पटावर इंधनाचे पंप किती आहेत ते तू लिहिलं नाहीस, आणि मला सगळ्यात जास्त शंका तिथेच येते. प्रत्येक ग्रहावर टाकी भरता येत असेल तर ॲव्हरेजची पर्वा कुणीच करणार नाही, मग नियम कितीही बदल. आधी दोनच पंप ठेव, तेही पटाच्या एकाच बाजूला. तसे चार डाव खेळा आणि प्रत्येक डावात कुणी कोणतं इंजिन घेतलं ते लिहून ठेवा. चारही डावांत एकच इंजिन जिंकलं तर इंजिनांना हात लावू नकोस, पंप हलव.