पोस्टरवरचं ते लाल वर्तुळ आधी खोडा

पुण्यातल्या तळजाई टेकडीवरच्या वॉकिंग ग्रुपसाठी केलेला गोचिडींविषयीच्या पोस्टरचा मसुदा पाहिला. ग्रुपमधल्या कुत्र्यांना टिक फीवर (गोचीड ताप) झाला म्हणून माणसांनाही सावध करावं असं तुम्हाला वाटलं, ते योग्यच आहे. पण निम्मा मजकूर अमेरिकेतून उचललेला दिसतोय. हरणं, गोचिडीतून होणारा लाइम आजार आणि त्वचेवर उठणारं गोल लाल वर्तुळ हा सगळा तिकडचा मामला. इथले लोक अंगावर वर्तुळ शोधत बसतील आणि ते दिसलं नाही की निर्धास्त होतील.

आपल्याकडे सांगायला हवा तो रिकेट्सिया या जिवाणूचा ताप, ज्याला डॉक्टर 'इंडियन टिक टायफस' म्हणतात. कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीतूनही तो माणसाला होऊ शकतो. सडकून ताप येतो, डोकं आणि अंग ठणकतं, दोन-चार दिवसांनी पुरळ उठतं. ते मनगटं-घोट्यांवर, अगदी तळहात-तळपायांवरही दिसतं. सगळ्यांनाच पुरळ येतं असं मात्र नाही. पावसाळ्यात पुण्यात असा पेशंट आला की आधी डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडच्या तपासण्या होतात, आणि त्यात डॉक्टरांचंही काही चुकत नाही. गोचीड चावली होती हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. यावरचं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक स्वस्त आहे आणि वेळेवर सुरू झालं तर ताप साधारण दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर मात्र किडनी, फुप्फुसं, मेंदूपर्यंत प्रकरण जातं. (गोळी आपल्या मनाने घेऊ नका, हेही लिहा.)

म्हणून पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत एकच वाक्य हवं: 'ताप आला तर डॉक्टरांना सांगा – घरात कुत्रा आहे, गोठ्यात किंवा रानात गेलो होतो, गोचीड चावली होती.' बाकी सगळं त्याखाली, बारीक अक्षरांत.

गोचिडीतूनच होणाऱ्या माकडतापाचाही उल्लेख करा, पण जपून. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, तेव्हा त्याचा विषाणू शोधला तो आपल्या पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने). २०१६ मध्ये तो ताप सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. तळजाईवर फिरणाऱ्याला त्याची भीती घालण्यात अर्थ नाही. मात्र पुण्यात त्या भागातली मंडळी भरपूर आहेत आणि शिमग्याला गावी जाऊन काजूच्या बागेत शिरतात, नेमका तोच या गोचिडांच्या पिल्लांचा हंगाम. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि दुसरं अंग शोधतात. तेव्हा मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं. या तापावर नेमकं औषध नाही, त्यामुळे गावाहून आल्यावर ताप भरला तर कुठे गेलो होतो ते सांगणं इथेही तितकंच महत्त्वाचं.

गोचीड काढण्याचा भाग तुम्ही दोन ओळींत उरकलाय, तिथे जागा वाढवा. आपल्याकडे रॉकेल, तंबाखू, पेटती उदबत्ती, काय काय लावतात! गोचीड डिवचली की पोटातलं जखमेत ओकण्याची शक्यता वाढते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, तिला कातडीलगत, तोंडाजवळ पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. फुगलेल्या पोटाला दाबू नका, नखांवर चिरडू तर अजिबात नका. जागा साबणाने धुवा, तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पुढचे दोन आठवडे तापावर लक्ष ठेवा. पिल्लू जेमतेम तिळाएवढं असतं, त्यामुळे टेकडीवरून आल्यावर आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा आणि मुलांच्या कानामागे हात फिरवून बघा.

आता नाजूक मुद्दा. हे पोस्टर लागलं की सोसायटीत कोणीतरी 'भटकी कुत्री हटवा' म्हणून उभं राहणारच. कुत्री हटवून भिंतीतल्या गोचिडी जात नाहीत. ही तपकिरी जात अंडी घालायला कुत्र्यावरून उतरून फटींत शिरते, वॉचमनच्या केबिनमध्ये, जिन्याखाली, प्लास्टर सुटलेल्या कोपऱ्यात, आणि एक मादी हजारोंनी अंडी घालते. फटी बुजवा, तिथे फवारणी करून घ्या. खायला घालणाऱ्यांनी व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरांना) विचारून त्या कुत्र्यांना गोचिडांची गोळी द्यावी. गोठ्यातलं औषध अंदाजपंचे कुत्र्याला चोळू नये, आणि पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काहीही मांजराला लावू नये, मांजर दगावू शकतं.

पोस्टर फक्त टेकडीच्या पायथ्याशी नको. व्हेटच्या दवाखान्यात, हवेली-मुळशीतल्या दूध संकलन केंद्रांवर आणि मुख्य म्हणजे गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये लावा. धनगर आणि गोठेवाल्यांना गोचीड आपल्यापेक्षा जास्त कळते, त्यांना तिची ओळख करून देत बसू नका. जनावराच्या गोचीड तापावर ते लगेच डॉक्टर बोलावतात, स्वतःचा ताप मात्र अंगावर काढतात, तेवढंच त्यांच्याशी बोला. दुरुस्त मसुदा इथेच टाका, छापण्याआधी एकदा नजर टाकतो.