मनातलं विचारा : माझ्या शब्दाला वजन कसं येईल?

प्रश्न : काकू नमस्कार. मी ३४ वर्षांचा, इंदूरच्या राजेंद्रनगरला राहतो, विजयनगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एप्रिलमध्ये मला टीम लीड केलं, हाताखाली नऊ जण. ज्यांच्याबरोबर रोज सकाळी टपरीवर पोहे-जिलेबी खायचो तेच आता हाताखाली, त्यामुळे कोणी सिरीयसली घेईना. मग मी रील्स बघायला लागलो, लोकांवर पकड कशी बसवायची वगैरे. त्यात सांगतात तसं केलं. कमी हसायचं, बोलण्याआधी तीन सेकंद थांबून डोळ्यात बघायचं, मेसेजला मुद्दाम उशिरा उत्तर द्यायचं, एकाचं कौतुक करायचं आणि दुसऱ्याकडे बघायचंच नाही म्हणजे दोघंही मागे लागतात, आपल्या मनातलं कोणाला कळू द्यायचं नाही. दोन महिने केलं. आता मी गेलो की लंचच्या टेबलावर सगळे गप्प होतात, आणि परवा मीटिंगमध्ये बॉसने काहीतरी विचारलं तर सगळ्यांनी माझ्याकडे नाही, टीममधल्या एका सिनियर मुलीकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, मला पॉवर हवीय. कुठे चुकतंय?

उत्तर : हवीय असं सरळ लिहिलंत ते मला फार आवडलं. आपल्या घरांमधून हा शब्दच वाईट ठरवलेला असतो, आपण बरं आपलं काम बरं असं शिकवतात आणि मग तीच माणसं तीस वर्षं आपलं कोणी ऐकत नाही म्हणून आतल्या आत जळत बसतात. आपल्या शब्दाला किंमत असावी असं वाटण्यात काहीच पाप नाहीये.

आता ती मुलगी. फ्रेंच आणि रेवन नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये एक मांडणी केली होती, अजून शिकवतात ती. एका माणसाची दुसऱ्यावर सत्ता कुठून येते तर पाच ठिकाणांहून : काही देऊ शकतो म्हणून, शिक्षा करू शकतो म्हणून, खुर्चीवर बसलाय म्हणून, त्याला कामातलं कळतं म्हणून, आणि पाचवी म्हणजे माणूस आपला वाटतो, त्याच्यासारखं व्हावंसं वाटतं म्हणून. पहिल्या तीन बहुतेक वरून मिळतात, पद गेलं की जातात. शेवटच्या दोन तुमच्या अंगच्या. तुम्हाला एप्रिलमध्ये खुर्ची मिळाली, पण पगारवाढ बहुतेक बॉसच्याच हातात असणार, म्हणजे द्यायला फारसं काही नाही, आणि रील्सनी तुम्हाला शिक्षेचं नाटक शिकवलं, उशिरा उत्तर, थंड नजर, हे सगळं त्याच खात्यातलं. त्या मुलीकडे खुर्ची नाही पण शेवटच्या दोन्ही गोष्टी आहेत, म्हणून माना तिकडे वळल्या.

आणि या युक्त्या फसल्या का तेही बघा. अनोळखी माणूस, एकदाच भेटणार, पुन्हा तोंड बघायचं नाही, अशा ठिकाणी चालतात त्या, स्टेशनबाहेर भाडं ठरवताना वगैरे. पण जे नऊ जण रोज एकत्र डबा खातात त्यातल्या एकाचं कौतुक आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलंत तर चार दिवसांत त्यांनी डब्यावर बसून ताळा जुळवलाच असेल, मला काय म्हणाले, तुला काय म्हणाले. त्यांना तुमचा डाव दिसला आणि डाव दिसला की तुम्ही खरं कौतुक केलंत तरी तो डावच वाटतो. मी ३१ वर्षं बँकेत काढली, एका ब्रांचला एक साहेब होते, असेच, प्रत्येकाच्या कानात वेगळं सांगायचे. त्यांची बदली झाली त्या दिवशी निरोप समारंभाला हार आणायला कोणी जाईना, शेवटी शिपायाने स्वतःच्या मनाने आणला. मला आजही त्या माणसाचं वाईट वाटतं, कारण कामात हुशार होते हो.

आता आपल्या इंदूरचीच गोष्ट. राजवाड्यासमोरून रोज जाता, अहिल्याबाईंचा पुतळा बघता. त्यांचे यजमान खंडेराव १७५४ मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. बाई एकटी उरली असं बघून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड दत्तकाचा आग्रह धरून बसले आणि पेशव्यांचे काका राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेकाठी आले. बाईंनी पाठवलेला निरोप लहान पोरालाही पाठ असतो, की बायकांना जिंकलंत तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि मग राघोबा म्हणे आम्ही तर सांत्वनाला आलो होतो. निरोप सगळे सांगतात पण त्याच्या आधीचं कोणी सांगत नाही. निरोप जायच्या आधी त्यांची पत्रं शिंदे, भोसले, गायकवाड यांच्याकडे गेली होती, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे गेली होती, तुकोजी होळकर फौजेसह उभे होते. आणि ती पत्रं लोकांनी मानली कशामुळे? तर बाई कित्येक वर्षं सासऱ्यांचं काम बघत होत्या म्हणून, १७६५ मध्ये तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जा असं मल्हाररावांनी त्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. तोफा, दाणागोटा, हिशोब हे सगळं ती बाई सांभाळते हे सरदारांना आधीपासून माहीत होतं. तो एका ओळीचा निरोप या सगळ्यावर उभा होता, तुम्ही नुसता निरोप पाठवताय.

तर करायचं काय. पहिलं, भाषण देऊन माफी मागू नका, आणखी अवघडल्यासारखं होईल. त्या मुलीकडे जा आणि ज्यात ती खरोखर तुमच्यापेक्षा पुढे आहे असं एक काम तिच्याकडून समजून घ्या. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनचा तिथल्या विधानसभेत एक विरोधक होता, फ्रँकलिनने त्याची मनधरणी केली नाही, त्याच्याकडचं एक दुर्मिळ पुस्तक वाचायला मागितलं, आठवड्यात आभाराच्या चिठ्ठीसकट परत केलं, आणि तो माणूस मरेपर्यंत मित्र राहिला. ज्याच्यासाठी आपण काही करतो तो आपल्याला जवळचा वाटायला लागतो, उलटं आहे पण असंच होतं. फक्त गरज खरी असू दे, युक्ती म्हणून गेलात तर तिला पहिल्या मिनिटाला कळेल.

दुसरं, मीटिंगमध्ये पहिल्यांदा काही मांडायचंच नाही. आधी तीन-चार जणांशी वेगवेगळं बोलून घ्या, मी असं करायचं म्हणतोय, यात काय अडेल? जे अडेल म्हणतील ते बदला. मग मीटिंगमध्ये फक्त शिक्कामोर्तब होतं.

तिसरं, काम सांगताना कारण सांगा आणि खरं सांगा. एलन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७८ चा एक प्रयोग आहे, झेरॉक्सच्या मशीनवर कॉपी काढायला आलेल्या लोकांना विचारायचं, मला आधी कॉपी काढू द्याल का? पाचच पानं असतील तर नुसतं विचारलं तेव्हा ६० टक्के लोक हो म्हणाले, आणि मला कॉपी काढायच्यात म्हणून, असं पोकळ कारण जोडलं तरी ९३ टक्के. एवढंच सांगून रील्सवाले थांबतात. पण वीस पानं म्हटल्यावर नुसतं विचारूनही २४ टक्के आणि पोकळ कारणानेही २४ टक्केच, घाईचं खरं कारण दिलं तेव्हा ४२. छोट्या कामाला काहीही चालतं हो, पण शनिवारी या, रात्री थांबा असं मागायचं असेल तर क्लायंट काय म्हणाला, का म्हणाला, हे तसंच्या तसं टीमसमोर ठेवावं लागतं. आपला प्लॅन कळू द्यायचा नाही हा सल्ला इथेच तुम्हाला बुडवतोय.

आणि सगळ्यात मोठं. एकदा तरी टीमसाठी वरच्याला नाही म्हणा. पाच दिवसांचं काम दोन दिवसांत मागत असेल तर सगळ्यांच्या देखत शांतपणे सांगा की होणार नाही, चार लागतील, आणि चार दिवसांत करूनही दाखवा. आणि बॉससमोर ज्याचं काम त्याचं नाव घ्या. दोन महिन्यांत जे बिघडलं ते दुरुस्त व्हायला सहा महिने धरून चला, मधेच कंटाळून परत तीन सेकंदांवर येऊ नका.

प्रश्न : काकू, मी २९ वर्षांची, सासर रामबागेत, एकत्र कुटुंब. घरात माझ्या मताला काही किंमत नाही. मी नोकरी करते, पगार नवऱ्याच्या खात्यात जातो, मला लागतील तसे ते देतात. माहेरी जायचं तर विचारावं लागतं आणि बरेचदा नाहीच म्हणतात. फोनही बघतात. मैत्रीण म्हणते नवऱ्याला मुठीत ठेवायला शीक, सासूबाईंना गोड बोलून वळव. माझा प्रभाव कसा वाढवू?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सून म्हणून घरात वजन कसं वाढवायचं यावर मी तुला दोन पानं लिहिली असती, एखादं काम पूर्ण आपल्या अंगावर घे, नवऱ्याला निरोप्या करू नकोस, सासूबाईंशी स्वतः बोल, असं. पण पगार, माहेर आणि फोन या तिन्हीवर दुसऱ्याचा ताबा असेल तर तू गोड बोलण्यात कमी पडतेयस असं नाहीये गं. तुझ्या कमाईवर तुला हात लावू न देणं याला कायद्यात आर्थिक छळ म्हणतात, २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय, मारहाण झाली तरच कायदा असं नाही. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, सखी नावाचं वन स्टॉप सेंटर असतं, नुसतं जाऊन विचारलं म्हणजे केस केली असं होत नाही.

आत्ता लगेच एवढं कर. फक्त तुझ्या नावाचं खातं उघड आणि पुढचा पगार तिकडे वळवायला ऑफिसमध्ये अर्ज दे. पण त्याआधी आई किंवा भाऊ, एक माणूस सगळं माहीत असलेला ठेव, कारण घरात कळेल त्या दिवशी आवाज चढेल आणि तेव्हा तू एकटी नकोस. सर्टिफिकेटं, आधार, पासबुक माहेरी ठेव. अंगावर हात टाकला किंवा भीती वाटली तर ११२ लाव, विचार करत बसू नकोस. मला पुन्हा लिही पण घरच्या फोनवरून नको, ऑफिसमधून.

प्रश्न : वय ६८. आमच्या कॉलनीचा गणेशोत्सव २२ वर्षं मी सांभाळला. आता तरुण मुलं माझं ऐकत नाहीत, मीटिंगला बोलावतात आणि मोबाईल बघत बसतात. दबदबा परत कसा मिळवू?

उत्तर : दादा, तुमच्याकडे अजून काय काय आहे ते बघा. वर्गणीची वही, मांडववाल्याचा नंबर, कोणत्या घरी वर्गणी मागायला कधी जायचं नाही ते, २२ वर्षांत काय काय फसलं ते. हे सगळं तुमच्या डोक्यात आहे आणि मुलांना ते मिळत नाही म्हणून ती मोबाईल बघतात. यंदा एक संध्याकाळ त्यांना पूर्ण द्या, पैशासकट, कार्यक्रम कोणता ते विचारूसुद्धा नका आणि त्या दिवशी पहिल्या रांगेत बसू नका. आवाज मोठा होईल, खर्च वर जाईल, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी हिशोब जुळेना म्हणून त्यातला एक जण तुमच्याकडे येईलच, तेव्हा मी सांगितलं होतं असं म्हणू नका, वही काढा आणि त्याला शेजारी बसवून घ्या.