आरतीच्या फाइली एमपीथ्री करताना टाळ का बिघडतात?

प्रश्न : आमच्या महिला भजनी मंडळाच्या आरत्या आयफोनवर रेकॉर्ड केल्या आहेत. फाइली एमफोरए आहेत. गणपतीत साउंडवाल्याचं मशीन त्या वाचेना. नावातलं एमफोरए खोडून एमपीथ्री लिहिलं, तरी नाही. मग एका वेबसाइटवर बदलून घेतल्या, तर वाजल्या. पण टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे येतात. त्याच एमपीथ्री पुढे वेव्ह करून पाहिल्या. फाइल फुगली, आवाज तोच. काय चुकलं?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नाव बदललं तरी फाइलच्या आतला आवाज एएसी या आवाज दाबून साठवायच्या वेगळ्या पद्धतीनेच बांधलेला राहतो, म्हणून मशीनला ती वाचता आली नाही. टाळांचं दुखणं मात्र बिटरेटचं, म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाला फाइलमध्ये किती माहिती ठेवली त्याचं. एमपीथ्री आवाजाचे साधारण २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडते आणि कानाला कमी जाणवेल ते गाळते. पेटी किंवा गळा यातून निभावतो. टाळाचा ठोका क्षणात उमटतो. बिटरेट कमी असला की गाळणीतून आलेली खरखर तुकडाभर पसरते, ठोक्याच्या आधीसुद्धा ऐकू येते. वरचे सूरही कापले जातात. बऱ्याच वेबसाइटवर आपण काही निवडलं नाही तर १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) बिटरेट लागतो, आणि टाळ-झांजांना तो तोकडा पडतो.

गाळलेलं परत येत नाही. वेव्हमध्ये मिनिटाला सुमारे १० एमबी जागा गेली, पण आत तोच गाळलेला आवाज. म्हणून मूळ एमफोरए जपून ठेवा आणि दर वेळी त्यावरूनच, एकदाच बदल करा. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केली की प्रत्येक फेरीत आणखी गाळलं जातं.

वेबसाइटवर फाइल चढवल्यावर एमपीथ्री निवडा आणि लगेच ‘कन्व्हर्ट’ दाबू नका. शेजारच्या सेटिंगमध्ये जाऊन बिटरेट १९२, कॉन्स्टंट (सगळीकडे सारखा), सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा) ४४१०० ठेवा. व्हेरिएबल, म्हणजे कमीजास्त होणाऱ्या बिटरेटवर जुनी मशीनं वेळ चुकीची दाखवतात. ८ मिनिटांची आरती साडेअकरा एमबीच्या आसपास होईल. ‘नॉर्मलाइझ’ किंवा ‘व्हॉल्यूम वाढवा’ बंदच असू द्या. मंजिऱ्या आधीच टोकाला पोचलेल्या असतात, त्या फाटतील. ‘डाउनलोड’ लिहिलेल्या जाहिरातींपासून सांभाळा: ईएक्सई किंवा एपीके फाइल (ही गाणी नव्हेत, प्रोग्राम असतात) उतरली तर न उघडता काढून टाका. उतरवलेली आरती शेवटपर्यंत ऐका, कारण नेट तुटल्यास फाइल अर्धवट राहू शकते.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा हवा. देवनागरी नावांच्या जागी काही मशीनं चौकोन दाखवतात, तेव्हा नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे इंग्रजीत टाका. आणि फाइली त्याच क्रमाने एकेक कॉपी करा. कित्येक मशीनं नावाचा नव्हे, कॉपीचा क्रम पाळतात; घालीन लोटांगण सुखकर्ताच्या आधी लागतं ते यामुळेच.

प्रश्न : आईने म्हटलेल्या ओव्या व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून आल्या आहेत. त्या एमपीथ्री करायला वेबसाइटवर टाकू का?
— एक वाचक, तुकोगंज, इंदूर

उत्तर : घरातला आवाज परक्या सर्व्हरवर कशाला पाठवायचा? संगणकावर व्हीएलसी हा गाणी-व्हिडिओ वाजवायचा प्रोग्राम फुकट मिळतो. ‘मीडिया’मध्ये ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ उघडा, ‘ॲड’ करून फाइल घ्या, खालचं ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ दाबा. प्रोफाइल ‘ऑडिओ – एमपीथ्री’ निवडा, फाइल कुठे ठेवायची ते ‘ब्राउझ’मधून सांगा, मग ‘स्टार्ट’. एकट्या गळ्याला तिथला १२८ केबीपीएस बिटरेट भरपूर झाला. व्हॉइस नोट ओपस या आवाज दाबायच्या पद्धतीची असते आणि मुळातच खूप दाबलेली, त्यामुळे ३२० निवडून काही सुधारणार नाही. मूळ ओपस फाइल मात्र फोनमधून काढून दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपचं चॅट पुसताना मीडियाही पुसला की ती गेली.