मी काढलेलं चादरवालं कार्टून कॅरेक्टर हलवायला घेतलं की बिघडतं. डिझाइनमध्ये काय सुधारू?

तुम्ही लिहिलंय की हिरो सोलापूरचा पोरगा आहे. पाठीवर सोलापुरी चादर, कपाळावर कुरळी बट, पायात कोल्हापुरी, कमरेला शेंगाचटणीची पुडी. चित्र सगळ्यांना आवडतं, पण ॲनिमेशन करायला बसलं की दर चित्रात वेगळाच पोरगा दिसतो. चित्र नीट बघितलं. हात चांगला आहे तुमचा, घोळ चादरीत आहे.

चादरीवरची नक्षी तुम्ही जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणल्यासारखी मन लावून काढलीय. नुसत्या दिसणाऱ्या भागातच चाळीसेक बुट्टे आहेत. आता हिशेब करा. सेकंदाला 24 फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात. दहा सेकंदांच्या दृश्याला 120 चित्रं, म्हणजे 4800 बुट्टे, तेही घडीबरोबर वाकलेले, अर्धे झाकलेले. हे यंत्रमागाचं काम आहे, माणसाचं नाही. नक्षी आयती वरून चिकटवलीत तर कापड हलतं आणि नक्षी जागच्या जागी राहते, ते डोळ्यांना खुपतं. काठाचा एक रुंद पट्टा ठेवा, मध्ये एकच मोठा चौकटीचा आकार, रंग दोनच. आपल्याकडचा माणूस तेवढ्यावर चादर ओळखतो. बाहेरच्याला बुट्ट्यांनी तसाही फरक पडत नाही.

पुडी काढून टाका. बट ठेवायची तर बाजूनं आणि मागून ती कुठं जाते ते आधी ठरवा. समोरून गोड दिसणाऱ्या बटा बाजूनं काढताना हमखास रडवतात. कोल्हापुरीचे पट्टे कमी करा.

आता मला खरं महत्त्वाचं वाटतं ते. हिरोचं चित्र पूर्ण काळ्या रंगानं भरून बघा. तुमच्या चित्रात दोन्ही हात चादरीत गेलेत, त्यामुळे काळं केलं की पोतं उभं केल्यासारखं दिसतं. तो हसतोय की घाबरलाय, पळायच्या बेतात आहे की दमलाय, काही कळत नाही. चादर नुसती पाठीवर लटकत ठेवू नका, तिला काम द्या. घाबरला की डोक्यावरून ओढून घेतो, भांडायला उठला की कमरेला आवळतो, लाजला की टोक चावतो. मूड बदलला की बाहेरचा आकारच बदलला पाहिजे. मग चेहऱ्यावर कमी रेषांत भागतं, आणि तो चादरवाला का आहे हेही कुणाला सांगावं लागत नाही.

चालीचा अभ्यास करायचा असेल तर जानेवारीत संक्रांतीच्या वेळी वही घेऊन सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेला जा. गड्ड्यातल्या, म्हणजे तिथल्या जत्रेतल्या पाळण्यांपेक्षा नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच, जड मानाच्या काठ्यांच्या मिरवणुकीत थांबा. सगळ्यांच्या अंगात तीच पांढरी बाराबंदी, तरी ओळखीचा माणूस लांबूनच चालीवरून कळतो. नंदीध्वज पेलणाऱ्याची पाठ, गुडघे आणि मान बघा: वजन कुठं आहे ते एका वाकलेल्या रेषेत सांगता येतं. प्रत्येक पोझ आधी तशी एका रेषेत काढायची, अंग नंतर चढवायचं. तुमचा हिरो सगळीकडे काठी गिळल्यासारखा ताठ उभा आहे.

मग मॉडेल शीट, म्हणजे हिरोचं सगळ्या बाजूंनी काढलेलं नमुन्याचं पान. समोरून, पाऊण वळलेला, बाजूनं, मागून, चारही एकाच ओळीत. डोळे, हनुवटी, कंबर, गुडघे यांतून आडव्या रेषा ओढा. उंची किती डोक्यांएवढी आहे ते मोजा. पोरगा आहे तर तीन-साडेतीन डोकी पुरेत. डोकं चेंडू, धड पेरूसारखं, असं साध्या गोळ्यांतून बांधलंत तर वळवताना चेहरा हातातून सुटत नाही. हे कंटाळवाणं काम आहे, पण दर चित्रात वेगळा पोरगा दिसण्यावर मला दुसरा उपाय माहीत नाही.

चादरीची गाठ मात्र गळ्याशीच राहू द्या. हॅना-बार्बेरा या अमेरिकन कार्टून कंपनीच्या योगी अस्वलाला कॉलर आणि टाय आहे, त्यामागे बचतीचा हिशोब होता: धड स्थिर ठेवून फक्त डोकं हलवलं तर जोड कॉलरखाली लपतो. तुमच्या गाठीखालीही तो लपेल. बोलण्याच्या दृश्यांत निम्मं काम वाचतं.

तोंडाचे सात-आठ आकार वेगळे काढून ठेवा. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात, आणि ती फ्रेम चुकली की पोरगा डब केल्यासारखा वाटतो. हिरो सोलापूरचा म्हणजे दर दुसऱ्या वाक्याला ‘बे’ म्हणणार, तेव्हा मिटलेल्या ओठांवर जास्त मेहनत घ्या!

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. क्रिटा आणि ओपनटून्झ फुकट आहेत, सुरुवातीला भरपूर झाले. पण शीट पक्कं होईपर्यंत पेन्सिल बरी.

आणि एक. चादरीच्या कोपऱ्यावर तुम्ही एका कारखान्याचा शिक्का जसाच्या तसा उतरवलाय. तो ट्रेडमार्क असू शकतो, उद्या व्हिडिओ चालला तर नसती भानगड होईल. तिथं स्वतःचं काहीतरी चिन्ह काढा, नाहीतर कोपरा रिकामाच सोडा.