हप्ता थकलाय, पत्रं पाठवली, समोरून उत्तरच नाही

(वाचक विचारतात. या वेळी घराच्या कर्जाबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. मी २३ वर्षं कर्ज विभागात टेबलाच्या पलीकडे बसले आहे, त्यामुळे तिकडे काय चालतं ते माहिती आहे, तेच सांगते.)

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही बदलापूरला राहतो, एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज आहे, अजून २६ लाख बाकी आहेत आणि १६ वर्षं राहिलीत, व्याज ९.७५ टक्के, हप्ता २६,७९०. मिस्टरांच्या कंपनीने एक शिफ्टच बंद केली, तीन महिने घरी होते, आता दुसरीकडे लागलेत पण पगार बराच कमी आहे. मी डबे करते. दोन हप्ते गेले नाहीत, पहिला चुकून ५० दिवस झालेत. हप्ता कमी करून द्या म्हणून चार ईमेल केले, दर वेळी फक्त तिकीट नंबर येतो आणि आठ दिवसांनी ‘तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे’. जवळची शाखा बंद होऊन ठाण्याला गेली. फोनवरची मुलगी म्हणते पूर्ण रक्कम भरा, अॅप अर्धे पैसे घेतच नाही. आमच्याकडे ३१,००० जमलेत पण दोन हप्ते काही होत नाहीत. मिस्टरांचं वय ३८ आहे. रात्र रात्र झोप नाही. काय करू?

— एक वाचक, बदलापूर

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ते ३१,००० घरात ठेवू नका. उद्याच्या उद्या त्यातला एक पूर्ण हप्ता भरून टाका, मग बाकी सगळं वाचा.

कारण सांगते. ते उत्तर देत नाहीत म्हणून दिवस थांबत नाहीत. तुम्ही ईमेल केलाय, वाट बघताय, तिकडे कॉम्प्युटर मात्र रोज एक दिवस पुढे मोजतोय, आणि तो मोजतो सगळ्यात जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून. ३० दिवसांपर्यंत एक पायरी, ६० पर्यंत दुसरी, ९० पर्यंत तिसरी, आणि ९० ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे कंपनीच्या हिशोबात थकीत, बुडायच्या बेतातलं कर्ज. एकदा एनपीए झालं की एकदोन हप्ते भरून ते परत चांगलं होत नाही, सगळीच्या सगळी थकबाकी भरावी लागते. पण तुम्ही आज ५० व्या दिवशी आहात, एक हप्ता भरला की तो जुन्यात जातो आणि तुमची मोजणी दुसऱ्या हप्त्यापासून, म्हणजे साधारण २० दिवसांवर येते. एक महिना हातात आला, तुमच्या परिस्थितीत हा महिना फार मोठा आहे. अॅप घेत नसेल तर ठाण्याच्या शाखेत चेक द्या नाहीतर कर्जखात्याच्या नंबरवर एनईएफटी करा, आणि पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका. हे पैसे उभे करायला मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या नादाला मात्र अजिबात लागू नका, पाया पडून सांगते. पीएफमधून घरासाठी पैसे काढता येतात, मिस्टरांच्या खात्यात किती आहेत ते बघून ठेवा.

आता मागायचं काय. तुमचे ईमेल मी बघितले नाहीत, पण टेबलावर येणारी शेकडो पत्रं बघितलीत, त्यात ‘आमची परिस्थिती फार वाईट आहे, कृपया सहकार्य करावे’ एवढंच असतं. वाचून वाईट वाटायचं, खरंच वाटायचं, पण सही नक्की कशावर करायची तेच कळायचं नाही. नक्की आकडा मागा.

पहिली मागणी व्याजदराची करा. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, २०२५ मध्ये ६.५० वरून ५.२५ वर आला. बँकांची ऑक्टोबर २०१९ नंतरची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, घरकर्जं बाहेरच्या दराला जोडलेली असतात, बहुतेकांची रेपोलाच, त्यामुळे त्यांचा दर आपोआप उतरतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्या स्वतःच्या दराने चालतात, आणि जुन्या ग्राहकाचा दर तो मागत नाही तोवर बऱ्याचदा वरच राहतो. थोडी फी घेऊन दर बदलून देतात, त्याला कन्व्हर्जन म्हणतात. ८.७५ झाला तरी तुमचा हप्ता २५,२०० च्या आसपास येतो, दीड हजार वाचले. दुसरी मागणी मुदतीची. ८.७५ ने मुदत १६ ची २२ वर्षं केली तर हप्ता २२,२०० होतो, आणि मिस्टर तेव्हा ६० चे होतील म्हणजे वयाच्या मर्यादेतही सहसा बसतं. पण हे फुकट नाही बरं का, त्याच दराने १६ वर्षंच ठेवली असती त्यापेक्षा एकूण दहा लाखांच्या वर जास्त जाणार आहेत, म्हणून पगार सुधारला की हप्ता परत वाढवायचा किंवा मधेमधे जादा भरायचं. फ्लोटिंग दराच्या कर्जाला वैयक्तिक ग्राहकाकडून आधी फेडल्याचा दंड घेता येत नाही.

‘रिस्ट्रक्चर’ हा शब्द मात्र पत्रात पहिल्याच ओळीत टाकू नका. कर्जदार अडचणीत आहे म्हणून अटी बदलल्या तर नियमाप्रमाणे ते खातं बहुतेक वेळा एनपीएतच धरावं लागतं, कंपनीला त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात, म्हणून ते हात झटकतात. कोविडमध्ये ऑगस्ट २०२० आणि मग मे २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने यातून सूट दिली होती, ती आता नाही. म्हणून दर आणि मुदत, हे खातं एनपीए व्हायच्या आत, ९० दिवसांच्या अलीकडे मागायचं. उशीर झाला की तोच कागद वेगळ्या फाइलमध्ये जातो.

आणि पत्र कसं द्यायचं. ईमेल सोडा, म्हणजे ईमेलही करा पण कागदावर द्या. दोन प्रती काढा, वर कर्जखात्याचा नंबर, तारीख, खाली तुमच्या दोघांच्या सह्या, सोबत नव्या पगाराची स्लिप, आधीची स्लिप, तुमच्या डब्यांचा हिशोब वहीचं पान झेरॉक्स करून. एक प्रत त्यांना, दुसरीवर पोच घ्या, गोल शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही. काउंटरवरचा मुलगा म्हणेल ‘ठेवून जा, मॅडम आल्या की देतो’, तेव्हा ठेवून यायचं नाही. आमच्याकडे एक आजोबा यायचे, शिक्का पुसट उमटला तर पॅडवर परत दाबून मारायला लावायचे, सगळे हसायचे, पण त्यांच्या फाइलला हात लावताना साहेबसुद्धा जपून असायचे. पोच देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टने, शाखेला एक आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक. त्याचं नाव आणि पत्ता शाखेत लावलेला असायलाच हवा.

त्या दिवसापासून ३० दिवस मोजा. उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते, त्यांचं ग्रिड्स नावाचं पोर्टल आहे, पोच जोडायची. (बँकेचं कर्ज असतं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, टोल फ्री नंबर १४४४८.) तिथून पत्र गेलं की सहसा जे फोन उचलत नव्हते तेच फोन करतात, हे मी आतून बघितलंय. पण परत सांगते, तक्रार केली म्हणून हप्त्याची मोजणी थांबत नाही, जमेल ते भरत राहायचं.

अजून एक, खात्याचा उतारा मागवा आणि दंड बघा. एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर आणि जून २०२४ अखेरपर्यंत जुन्यांवरही दंडाचं व्याज लावणं बंद झालंय, फक्त दंडाची रक्कम लावता येते आणि त्या रकमेवर परत व्याज चढवता येत नाही. चढवलं असेल तर तेही पत्रात लिहा.

प्रश्न : वडिलांच्या नावावर चिंचवडचा फ्लॅट, आई सहकर्जदार. वडिलांचं वर्कशॉप बसलं, सात हप्ते थकले. आता वकिलामार्फत कलम १३(२) ची नोटीस आलीय, ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरा म्हणून. मॅनेजर फोनवर म्हणतात, ‘ती फॉर्मॅलिटी असते, टेन्शन घेऊ नका, सेटलमेंट करून देतो.’ लेखी काही देत नाहीत. विश्वास ठेवू का?

— मुलगा, चिंचवड

उत्तर : नाही. मॅनेजर खोटं बोलत असेल असं मी म्हणत नाही, कदाचित मनापासून बोलत असेल, पण पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली तर तुमच्याकडे काय आहे?

ही नोटीस २००२ च्या सरफेसी कायद्याखालची आहे, आणि या कायद्यात कंपनीला घराचा ताबा घ्यायला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही. पण ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली तर १५ दिवसांत कारणं देऊन उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, कलम १३(३ए). म्हणजे जी माणसं वर्षभर उत्तर देत नाहीत त्यांना इथे द्यावंच लागतं, आणि लोक नेमकी हीच संधी सोडतात, नोटीस फ्रिजवर ठेवून देतात. हरकतीत लिहा : रकमेचा हिशोब कुठे चुकलाय, कुठले हप्ते धरलेले नाहीत, सेटलमेंटचं बोलणं कुठल्या तारखेला कोणाशी झालं, आणि तुम्ही किती रक्कम किती दिवसांत भरू शकता.

६० दिवस गेले की १३(४) खाली ताब्याची नोटीस येते, ती दारावर चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात. सोसायटीतल्या लोकांसमोर हे होतं, तुमची आई कशातून जाईल हे मला कळतं, पण त्या दिवशी घर गेलेलं नसतं. तो बहुतेक वेळा कागदावरचा ताबा असतो. प्रत्यक्ष बाहेर काढायला त्यांना सहसा कलेक्टरकडून आदेश आणावा लागतो. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागता येते, तुमच्यासाठी ते पुण्यातच आहे. साध्या दिवाणी कोर्टात जाऊ नका, तिथे हे चालत नाही आणि तोवर ४५ दिवस निघून जातात. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आईच्या नावाने अर्ज करा, बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि एक कठीण गोष्ट बोलते, राग मानू नका. सात हप्ते थकलेत, वर्कशॉप परत उभं राहायची खात्री नसेल तर घर लिलावात जायच्या आधी स्वतः विका. लिलावात किंमत पडते हे मी डोळ्यांनी बघितलंय, घरच्यांनी स्वतः गिऱ्हाईक आणलं तर चार पैसे उरतात, त्यातून भाड्याचं डिपॉझिट तरी होतं. नोटीस आल्यावर कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मात्र विकता येत नाही, म्हणून आधी फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि संमती मागा आणि घेणाऱ्याचा चेक सरळ कर्जखात्यावर घ्या. हे सगळं लिलावाची जाहिरात छापून यायच्या आत. त्यानंतर पूर्ण पैसे घेऊन गेलात तरी घर सोडवून घ्यायचा हक्क उरत नाही, २०१६ मध्ये कायदा तसा बदललाय.

प्रश्न : वसुलीवाले रात्री साडेनऊला फोन करतात, शेजारच्या काकूंनाही केला. कर्ज आमचं, त्यांना का?

— नाव नको

उत्तर : सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, आणि शेजारी, नातेवाईक, ऑफिसात सांगून लाज काढणं तर नाहीच नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी कंपनीचीच. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट काढा, काकूंच्या फोनचेही मागून घ्या, तारीख-वेळ लिहून वरच्यासारखंच पोच घेऊन पत्र द्या. घरी आला तर ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा, नाव लिहून घ्या, आणि रोख पैसे त्याच्या हातात देऊ नका, पावती देतो म्हणाला तरी. धमकी दिली तर सरळ पोलीस स्टेशन.