फेरफारात निघालेली अनोळखी विधवा: शोध कुठून सुरू कराल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कऱ्हाड तालुक्यातलं गाव. वडील गेल्यावर वारस लावायला म्हणून तुम्ही जुने उतारे काढले, त्यात पणजोबांच्या पश्चात झालेला १९५८ सालचा वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद, हाती आला. वारसांत तीन मुलगे, एक मुलगी आणि दोन विधवा. एक तुमची पणजी. दुसरीचं नाव घरात कोणी कधी घेतलेलं नाही. चुलते म्हणाले, "तलाठ्यानं चुकून लिहिलं असेल, आता उकरून काय करायचंय?" आणि विषय संपवला.

इथे दोघा-तिघांनी कुलवृत्तांत बघा, वंशावळीची ॲपं वापरा असं सुचवलंय. त्या वाटेला निदान आत्ता जाऊ नका. वंशावळ ज्यांचा वंश चालला त्यांनी लिहिलेली असते. ज्या बाईला मूल झालं नाही तिची आठवण ठेवायला मागे कोणी उरत नाही, आणि ज्यांनी ठेवायची त्यांना ती अडचणीची वाटते. अशी माणसं घरच्या वहीत नसतात, ती जमिनीच्या कागदात असतात. तिथे नाव गाळलं तर हिश्श्याचा प्रश्न येतो, म्हणून कोणी ना कोणी ते लिहायला लावतंच.

तलाठ्याची चूक म्हणाल तर एखाद्या नावात काना-मात्रा चुकेल, आख्खी विधवा चुकून येत नाही. साल बघा. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्याआधी मुलगे हयात असताना विधवेचं नाव सहसा पूर्ण मालक म्हणून लागत नसे. १९३७ च्या कायद्याने तिला हयातीपुरता मर्यादित हक्क दिला होता, तरी पुष्कळदा अन्नवस्त्रावरच भागवलं जाई. ५६ नंतर मुलगे, मुली, आई आणि विधवा सगळे एका पायरीचे वारस झाले. मयताच्या दोन विधवा असतील तर दोघींना मिळून एक हिस्सा, हेही त्याच कायद्यात आहे. तुमचे पणजोबा ५२-५३ साली गेले असते तर या बाईंचं नाव बहुधा कधीच उजेडात आलं नसतं. आणि दोन बायका म्हणजे काही भानगड असंही लगेच धरू नका. मुंबई प्रांतात १९४६ चा कायदा येईपर्यंत हिंदू पुरुषाने दुसरं लग्न करायला कायद्याची आडकाठी नव्हती. पहिलीला मूल नाही म्हणून दुसरी केली, हे तर घरोघरी होतं.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा, की ही 'दुसरी' बायको कशावरून? तुमची पणजीच धाकटी असेल आणि ही थोरली असेल तर? तुम्ही पणजीकडून मोजताय, कारण तुम्ही तिच्या पोटचे. मी पाहिलेल्या घरांत तरी विसरली गेलेली बहुतेक वेळा थोरलीच निघाली.

आता तो फेरफार पुन्हा काढा आणि फक्त नावं न बघता मजकूर पूर्ण वाचा. सुरुवातीलाच साधारण "खातेदार अमुक हे अमुक तारखेस मयत, त्यांना वारस खालीलप्रमाणे, सबब वर्दीवरून नोंद" असं असेल. ही वर्दी, म्हणजे वारसांची खबर, कोणी दिली ते बघा. मोठ्या मुलाने दिली असेल तर घरात तेव्हा तरी लपवाछपवी नव्हती, तो स्वतःच तिचं नाव सांगतोय. तिने स्वतः दिली असेल किंवा तिच्या भावाने येऊन दिली असेल, तर ती नांदत नव्हती आणि हक्कासाठी आली होती असं समजायला जागा आहे. नावांचा क्रमही बघा, बऱ्याचदा थोरली आधी लिहितात. कधी नावापुढे वय असतं. मग शेवटचा रकाना. तिथे मंडळ अधिकाऱ्याचा नुसता "मंजूर" असा शेरा आहे की काही हरकत आल्याचं लिहिलंय? हरकत आली असेल तर गाव नमुना ६-अ, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही मागा. लोक नमुना सहा (फेरफाराची वही) आणि सात-बारा काढतात आणि ही वही कोणी मागतच नाही. खरं घर त्यात दिसतं. कोण म्हणालं ती लग्नाची नाही, कोण म्हणालं काडीमोड झालाय, पंच काय बोलले, सगळं तारखेनिशी. वारसांची स्वतंत्र वही ६-क, तीही त्याच अर्जात लिहा.

नक्कल मिळते तहसीलच्या अभिलेख कक्षात. स्कॅन झालेले जुने अभिलेख 'आपले अभिलेख'वर घरबसल्या दिसतात, पण सगळ्या गावांचे सगळे सापडतील अशी आशा ठेवू नका. कक्षात "रेकॉर्ड नाही" असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. पुष्कळदा लेखी द्यायची वेळ आली की गठ्ठा सापडतो.

पुढची पायरी म्हणजे ५८ पासून पुढे चालत या. तिचं नाव सात-बारावर लागलं, तर ते कधीतरी कमी झालं असणारच. कमी झालेल्या नावाला कंस करतात, तो कोणत्या फेरफार नंबरने झाला ते उताऱ्यावरच असतं. तो फेरफार हक्कसोडीचा, म्हणजे तिने आपला हिस्सा सोडून दिल्याचा, असेल तर दस्ताचा नंबर आणि तारीख मिळेल आणि दुय्यम निबंधकाकडून दस्ताची नक्कल काढता येईल. दस्तात राहण्याचं ठिकाण लिहिलेलं असतं. त्या वेळी ती माहेरी होती, मुंबईला होती की तुमच्याच वाड्याच्या मागच्या पडवीत, ते तिथे कळेल. ओळख पटवणारे साक्षीदार कोण, हेही बघा, त्यात माहेरचं एखादं आडनाव असतं. ती मयत झाल्यामुळे नाव कमी झालं असेल तर तिचे वारस कोण दाखवलेत ते बघा. सवतीची मुलं दाखवली असतील तर ती निपुत्रिक होती हे जवळपास ठरलं. वेगळीच नावं आली तर तुम्हाला जिवंत चुलत घराणं सापडलं.

आणि 'इतर हक्क' हा रकाना विसरू नका. आमच्या घरच्या उताऱ्यावर त्या रकान्यात एका बाईच्या नावे अन्नवस्त्राचा बोजा होता. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी तो कमी करायला कोणी गेलं नव्हतं. घरी विचारलं तर कोणाला पत्ता नाही. ती निघाली माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाची बालविधवा, फलटणकडची. सासरी तिचं नाव पुसलं गेलेलं, पण माहेरच्या गावात गेले तर पारावरच्या म्हाताऱ्यांनी नाव घेताच घर दाखवलं. तिने भावाची मुलं वाढवली होती, गावातल्या निम्म्या बाळंतपणांना तीच उभी असायची. म्हणून सांगते, सासरी शोध थांबला की माहेर शोधा.

माहेर शोधायचं कसं? शाळेचं जनरल रजिस्टर. जुन्या नोंदीत आईचं नाव नसतंच, पण जन्मस्थळाचा रकाना भरलेला असेल तर तो आईचंच गाव सांगतो, कारण बाळंतपणाला, निदान पहिल्या, मुलगी माहेरी जायची. तुमच्या आजोबांची आणि त्यांच्या भावंडांची नोंद शेजारी शेजारी ठेवा. दोघांचं जन्मगाव एक आणि तिसऱ्याचं भलतंच असेल तर आई वेगळी असण्याची शंका घ्यायला हरकत नाही. नुसत्या जन्मतारखांवर जाऊ नका, त्या मास्तरांनी अंदाजाने टाकलेल्या असतात, एक जून बघून हसू येईल.

त्याहून जुनं हवं तर गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती जन्ममृत्यूची वही. मुलाचं नाव बऱ्याचदा नसतं, बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. तरी मृत्यूच्या नोंदी बघा. १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ) आणि त्याआधीची प्लेगची वर्षं काढलीत तर एकेका घरातली तीन-चार माणसं एका पानावर गेलेली दिसतात. यातलं बरंचसं मोडीत आहे. एक सोय अलीकडे झालीय. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने ही जुनी दप्तरं बाहेर काढली, अनेक जिल्ह्यांनी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली. तुम्हाला दाखला नको असला तरी त्या फायली चाळायला कोणी अडवत नाही. मोडी शिकायची तयारी असेल तर पुराभिलेख संचालनालय आणि पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ वर्ग घेतात. नाहीतर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण सोबत मूळ पानाचा फोटो ठेवाच. मराठवाड्यातल्यांना ही सोय थोडी अवघड, तिकडे निजामाच्या वेळचं दप्तर उर्दूत आणि साल फसली, म्हणजे तिथलं महसुली साल. फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं.

बायकांची नावं वाचताना एवढं ध्यानात ठेवा. "कोम" किंवा "भ्रतार" (कधी नुसतं "भ्र.") यापुढे नवऱ्याचं नाव येतं, विदर्भात त्या जागी "जौजे" दिसेल. "अ.पा.क." असेल तर ती अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून आलीय, मालक म्हणून नव्हे. या दोन गोष्टींत गल्लत करून एका गृहस्थाने आजीच्या नावावर नसलेली जमीन शोधण्यात उन्हाळा घालवला होता.

हे सगळे कागद मात्र बाईला ओळखतात ते नवरा मेल्यावर. जी नवऱ्याआधी गेली ती वारस होतच नाही, तिचं नाव सात-बारावर यायचं कारणच नाही. तुमच्या प्रकरणात दोघी मागे उरल्या म्हणून सापडल्या. पण एक तिसरी आधीच गेलेली असू शकते, आणि तिच्यासाठी देवघर बघावं लागतं. देव्हाऱ्यात किंवा आजीच्या जुन्या डब्यात एखादा टाक आहे का, जो खंडोबाचाही नाही आणि भवानीचाही नाही? दुसरेपणावर दिलेली बाई आधीच्या सवतीचा टाक करून गळ्यात घालायची, पुढे तो देव्हाऱ्यात जायचा आणि कोणाचा ते विसरलं जायचं. तसंच पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला घरात कोणाच्या नावाने पान वाढतात ते विचारा. सवाष्ण गेलेल्या बाईचा तो दिवस. "अशीच चाल आहे आपल्यात" असं उत्तर आलं तर ती चाल कोणाच्या मरणाने पडली, तिथून सुरू करा. ज्यांच्याकडे गुरुजी सांकल्पिक श्राद्ध सांगतात त्यांच्या जुन्या तर्पणाच्या यादीत सापत्नमातेची स्वतंत्र जागा असते. तिथे नाव भरलेलं असलं तर प्रश्नच मिटला.

नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांकडच्या नामावळीही बघण्यासारख्या, गाव आणि आडनाव सांगितलं की वही कोणाकडे ते कळतं. अस्थी घेऊन कोण आलं होतं त्याची सही मिळाली तर मृत्यूचं साल पक्कं होतं. तुमच्या भागात हेळवी (घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे) येत असतील तर त्यांच्याकडे मूळ गाव आणि कोण उठून कुठे गेलं हे चांगलं कळतं, पण बायकांच्या बाबतीत फार भरवसा ठेवू नका.

खाली एकाने विचारलंय, की रत्नागिरीकडचा खापरपणजोबांचा भाऊ "समुद्रापलीकडे गेला" एवढंच घरात सांगतात. त्यांनी मॉरिशस बघावं. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातलेही होते. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची दप्तरं आहेत. प्रत्येकाला नंबर, जहाजाचं नाव, बापाचं नाव, वय, गाव, जिल्हा, काहींचे तर फोटोही. गावाचं नाव साहेबाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून तालुक्यातली सगळी गावं मोठ्याने म्हणून बघा.

राहता राहिले तुमचे चुलते. त्यांना तुमच्या पणजीच्या सवतीची लाज वाटते असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. जुना फेरफार हातात घेऊन पुतण्या प्रश्न विचारतो तेव्हा समोरच्याला फक्त वाटणी दिसते. ५८ च्या नोंदीतल्या मुलीचं, म्हणजे तुमच्या आजोबांच्या बहिणीचं, हक्कसोड झालं होतं का? नसेल तर त्यांची भीती तिथे आहे, त्या बाईंशी तिचा संबंध नाही. त्यामुळे उतारे घेऊन त्यांच्यापुढे बसू नका. आजोबांच्या त्या बहिणीच्या मुली, म्हणजे तुमच्या वडिलांच्या आतेबहिणी हयात असतील तर त्यांच्याकडे जा. लेकींना घरातलं सगळं माहीत असतं आणि त्यांना विचारायला कोणी येत नाही. "ती कोण होती" असा थेट प्रश्न नको. "तुमच्या लहानपणी आजोळच्या वाड्यात कोण कोण राहायचं, कोण कुठे झोपायचं" इथून सुरू करा, आणि बोलू द्या. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग ठेवा.

त्या बाईंचे वारस सापडले, तर फोन करण्याआधी विचार करा की त्यांना हे माहीत आहे का. त्यांच्या घरात कदाचित वेगळीच गोष्ट सांगितलेली असेल. तुमच्या एका फोनवर ती मोडू नये. पहिल्यांदा पत्र लिहिलेलं बरं, आणि त्यात जमिनीचा शब्दही नको.

फेरफाराचा फोटो इथे टाकणार असाल तर नावं आणि गट नंबर झाकून टाका. वर्दीची ओळ, वारसांचा क्रम आणि शेवटचा शेरा तेवढा दिसू द्या, वाचून सांगते.