बॅटी कपाटात कशाला?

प्रश्न: आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. मुलीला नीटच्या दुसऱ्या प्रयत्नात ३१८ गुण पडले. तिसऱ्यांदा बसवणार आहे. माझ्या वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे. ती रोज संध्याकाळी पडवीत त्यांच्याशी टेबल टेनिस खेळायची. अभ्यासाचा वेळ जातो म्हणून मी बॅटी कपाटात ठेवल्या. आता म्हणते, फिजिओथेरपी करते. डॉक्टर झाली तर आजोबांना बरं करेल, हे तिला कसं पटवू?

उत्तर: ते पटवायला मी मदत करणार नाही. तुमच्या पत्रातले गुण एकदा वाचले, बॅटींची ओळ चार वेळा. गुण कमी पडले नातीला आणि खेळ बंद झाला आजोबांचाही. त्यांना विचारलंत तरी का? ती दोघं खेळत असताना कधी पाच मिनिटं पडवीत थांबलात?

कंपवात बरा करणारा डॉक्टर आज जगात कुठेच नाही. मेंदूत हालचालींना लागणारं डोपामिन हे रसायन कमी पडतं. गोळ्या काही तास ती उणीव भरून काढतात, आजार थांबवत नाहीत. चालणं, वळणं, शर्टाची बटणं लावणं टिकवायचं तर गोळ्यांच्या जोडीला व्यायाम लागतो. अशा रुग्णाचं अडलेलं पाऊल जमिनीवर रेघ आखली की पुष्कळदा पुढे पडतं, कारण शरीराला बाहेरून इशारा मिळतो. समोरून येणारा २.७ ग्रॅमचा चेंडूही असाच इशारा असावा. जपानच्या फुकुओका विद्यापीठाने १२ रुग्णांना सहा महिने आठवड्यातून एकदा खेळवलं. कपडे घालणं, अंथरुणातून उठणं त्यांना सोपं गेलं. बारा माणसं म्हणजे मूठभरच, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि एक जण पडलाही. कोणाला किती खेळवायचं, तोल कसा सांभाळायचा, हे शिकलेलं माणूस म्हणूनच लागतं. फिजिओथेरपी म्हणजे मालीश नव्हे, आणि एमबीबीएस हुकलेल्यांची धर्मशाळाही नव्हे.

महाराष्ट्रात बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) आणि बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या उपचाराची पदवी), दोन्हींना नीटचेच गुण लागतात. दिलेली परीक्षा फुकट गेलेली नाही. ‘टेबल टेनिस थेरपिस्ट’ करून देतो म्हणणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर मात्र एक रुपया घालू नका.

आज संध्याकाळी बॅटी काढा. गोळीचा असर चांगला असेल ती वेळ धरा, पायाखालची चटई उचला, आणि वडिलांच्या मागे तोल सांभाळायला स्वतः उभे राहा. तिसऱ्या नीटचं नाव आठवडाभर काढू नका.